मंडईचं बोलावणं

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, आदल्या दिवशी दुपारी कामिनी वही घेऊन ओसरीवर बसली, ती भूपेंद्रभाऊवर चिडूनच. गावच्या नाटकाचा हा दिग्दर्शक एरवी खतं विकायचा, पण दिवाळी झाली की त्याच्या अंगात नाटक संचारायचं. नाटकासाठी वडशाहून यायची ती नटी तापानं पडली आणि सगुणेचं काम ऐनवेळी कामिनीच्या गळ्यात आलं. वर त्यानं फर्मावलं, "पाठांतराचं प्रॉम्प्टर पाहून घेईल. तू सगुणा होऊन एका दिवसाची डायरी लिही. मंग पाह्य, डोळ्यात पाणी आपोआप येते."

सगुणा म्हणजे नाटकातली सून. माहेरचं कुणी तिला मंडईला न्यायला येत नाही आणि शेवटच्या अंकात ती तळ्यात जीव देते.

हे काम घरात सोसवणारं नव्हतं. मंडईला लेकींना माहेरी आणायचं ही आसगावची रीत. बोलावल्याशिवाय लेक येत नाही. गेल्या साली कामिनीच्या आईनं, सुशीलाबाईंनी, थोरल्या लेकीला, डिंपलला आणायला कुणाला पाठवलंच नाही. कारण काय, तर फोनवर झालेली बोलाचाली. "येऊ दे तिले अक्कल," म्हणाल्या. मंडईच्या दुसऱ्या दिवशी तिच्या सासरहून, बपेऱ्याहून निरोप आला. डिंपल बुडून गेली. शिंगाडे काढायला तळ्यात उतरली होती, पाय घसरला म्हणे. खरंच घसरला का, हे कुणीच सांगेना. तेव्हापासून त्या माउलीचं अन्नावरचं मन उडालं.

कामिनी लिहायला लागली आणि लिहिता लिहिता पुटपुटू लागली. "आई, सकाळपासून रस्त्याकडे पाहून राहिली. बस येते, जाते. सासू विचारते, कोणी नाई आलं का वो तुले घ्याले? काय सांगू तिले? तू बोलावल्याबिगर मले येता येत नाई..."

मागे सुशीलाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलं नाही.

"कोणाचं हाय हे?"

"नाटकातलं हाय आई. सगुणेचं."

"डिंपल असीच बोले." त्यांनी डोक्यावर पदर घेतला, रस्त्याकडे तोंड केलं आणि पाहुणीला बोलवावं तसं म्हणाल्या, "ये माय. माही चूक झाली. मंडईले ये, तुह्या पोरीले, रुपालेई घेऊन ये."

कामिनीनं वही मिटली. शेजारच्या खळ्यातलं मळणीयंत्र तेवढ्यात बंद पडलं. वारा नव्हता, तरी तळ्यातल्या गाळाचा वास अंगणात भरला.

फोन वाजला. डिंपलची सासू गोदावरीबाई बोलत होत्या.

"रुपाले न्याचं होतं त सांगून न्याचं न पोरी! माहेरचं बोलावणं आलं म्हणे, अन् कोणी बाई अंगणातून घेऊन गेली... शेजारणीनं पाठमोरीच पाह्यली."

"केव्हा?"

"आत्ताच... हे काय, आत्ताच."

बपेरा म्हणजे बस बदलत अर्ध्या दिवसाची वाट. कामिनीनं फोन ठेवायच्या आत फाटक वाजलं. डिंपलची पाच वर्षांची रुपा आत आली. तिच्या फ्रॉकच्या ओच्यात ओले, हिरवे शिंगाडे होते. आसगावच्या तळ्यात यंदा कुणी शिंगाडा लावलाच नव्हता.

"कोणासंग आली बाई तू?" कामिनीनं विचारलं.

"आईसंग. ते तळ्यापाशी थांबली. म्हणते... घ्याले आलं कोणी, तरच येतो."

सुशीलाबाई चपला घालत होत्या. कामिनीनं त्यांचा दंड घट्ट धरला.

"आई, नको जाऊ... ते आपली डिंपल नोहे..."

"मांगच्या साली नाई गेलो," त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा निवला होता. "आता पोरगी दारापावतर आली. कसी थांबू मी?"

त्या भरभर निघाल्या. कामिनी रुपाला कडेवर घेऊन हाका मारत मागे धावली, पण आईची पाठ वळणाशी दिसेनाशी झाली. रुपा शांतपणे शिंगाडा सोलत होती.

"मावशी," तिनं विचारलं, "आजीले पोहता येते का?"