डाव्या कोपऱ्याची बातमी

“यंदा मुलींच्या कबड्डीची ढाल वर्ध्यालेच जाते, अण्णाजी. लिहून ठेवा!”

हे ऐकलं आणि मी खिडकीबाहेर गुंतलेली नजर झटकन आत वळवली.

पुलगावहून आर्वीला जाणारी आमची छोटी गाडी नेहमीसारखी रमतगमत चालली होती. १९८१ सालचा जुलै. रात्रभर पडून गेलेल्या पावसानं काळी जमीन चकाकत होती आणि वीतभर वाढलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी डब्यासोबत पळत होत्या. समोरच्या बाकावर अण्णाजी बसले होते. आर्वीच्या आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेले शिपाई. कबड्डीची एकही मॅच न सोडणारे. त्यांच्या शेजारी एक मुलगा... सावळा, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. बोलताना हात असे पसरायचा, जणू डब्यातच चढाई करतोय.

“आर्वीजवळ आहेच कोण यंदा?” तो सांगत होता. “तीन पोट्ट्या पास होऊन गेल्या. अन् रोहण्याची देवका तर आमच्याकडं येऊन राह्यली.”

“येऊन राह्यली, का आली?” मी विचारलं.

तो थबकला. “म्हणजे?”

“फारम भरला का तिनं?”

“नाई... पण भरीन ना.”

“मंग ढाल आतापासून कायले पुसून ठेवता?”

अण्णाजी असे हसले की त्यांना ठसका लागला. “चंद्रभान, हे आमची नलू. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले आहे. स्वतः खेळत नाई, पण कोणत्या गावात कोणती पोट्टी कशी खेळते ते हिले इचार. अन् नलू, हा वर्ध्याच्या कॉलेजचा. यालेही तोच रोग आहे.”

चंद्रभाननं माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाला, “रोग एकच असला म्हणजे दवाई बी एकच असन—”

“आमची दवाई आर्वीत मिळते,” मी म्हटलं आणि पुन्हा खिडकीकडे वळले. कान मात्र तापले होते. उन्हानं असतील.

रोहणा आलं. मी उतरले. मागून कोणीतरी उतरलं. वळून पाहिलं तर तोच.

“तुम्ही काऊन उतरल्या?” त्यानं विचारलं.

“अन् तुम्ही?”

चिखलातून चपला हातात घेऊन दोघंही एकाच रस्त्यानं, एकाच घराकडे निघालो.

देवकाचं घर शेतकऱ्याचं. वडील बापूजी ओसरीवर बसले होते. देवका बारावी पास झाली होती. शाळेच्या स्पर्धेत तिची चढाई मी दोनदा पाहिली होती. वाऱ्यासारखी जायची, समोरच्याला शिवायची आणि रेषेवर परत. अशी मुलगी आपल्या संघात असावी म्हणून मी मावशीकडून परतताना मुद्दाम इथं उतरले होते, पिशवीत कॉलेजचा फॉर्म घेऊन. चंद्रभानच्या पिशवीतही फॉर्मच होता.

बापूजींनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, “दोघंही फारम घेऊन वापस जा. पोट्टीचं शिक्षण झालं. पुढच्या महिन्यात तिले पाहाले येऊन राह्यले.”

दाराआड देवका उभी होती. तिनं खाली घातलेली मान वर केली नाही. ती मान पाहूनच माझ्या मनात काहीतरी घट्ट झालं.

स्टेशनवर परतताना चंद्रभान म्हणाला, “गेली. तुमचीही अन् आमचीही.”

“मी पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो,” मी म्हटलं.

“ते नाई म्हणाले ना!”

“आज नाई म्हणाले. गुरुवारी काय म्हणतात ते गुरुवारी कळन.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. पुलगावकडे जाणारी त्याची गाडी आली, तो चढला, आणि दारातून ओरडला, “गुरुवारी... मी पण येतो!”

गुरुवारी तो आला. बापूजी नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा ओसरीवर. या वेळी मी देवकाच्या आईला, आनंदाबाईंना, आधी चुलीजवळ गाठलं. “काकू, तुमचं काय म्हणणं आहे?” त्या भाकर थापता थापता म्हणाल्या, “माह्यं म्हणणं आजवर कोणी इचारलंच नाई, माय.” मग हात धुऊन, पदर खोचून त्या स्वतःच ओसरीवर आल्या.

“पोट्टीले एक डाव इचारा तरी,” त्या बापूजींना म्हणाल्या.

बापूजींनी एकदा बायकोकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी हाक मारली. देवका आली. आवाज इतका बारीक की ऐकायला सगळे पुढे झुकलो.

“मले शिकाचं आहे, बाबा. खेळाचं आहे. लगन मंग करजा.”

“पण राह्यशीन कोठी? कोणाच्या भरोशावर?”

आता सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे. माझ्याजवळ एकच गोष्ट होती: आमचं आर्वीचं घर. आई-बाबांना विचारून आले होते. देवका माझ्याच खोलीत राहणार होती. चंद्रभानजवळ त्याच्या क्रीडाशिक्षकांचं पत्र होतं: वसतिगृहात जागा, फी माफ, शिवाय खेळाचे बूट. मला ठाऊक होतं, मी हरले.

त्यानं पत्र काढलं. उलगडलं. आणि पुन्हा घडी घातली.

“बापूजी, खरं सांगू?” तो म्हणाला. “आमच्या होस्टेलात एका खोलीत चारजणी राह्यतात. पोट्टी घरी येईन ते दिवाळीले. आर्वीवरून ती दर शनिवारी गाडीनं येईन. घरचं जेवन. माझी बहीण असती, तर मी आर्वीले पाठवली असती.”

फॉर्मवर सही झाली. आर्वीच्या.

आनंदानं उड्या मारत परतायला हवं होतं मी. पण रस्त्यात मी भडकले.

“दया कायले दाखवली? मले दयेची खेळाडू नको!”

“दया?” तो थांबला. “नलू, मी खरं सांगतलं फक्त. दया मैदानावर दाखवीन, तर नाव बदलून ठेवजो.”

तो पहिल्यांदाच मला ‘नलू’ म्हणाला होता. ‘तुम्ही’ सोडून ‘ठेवजो’ म्हणाला होता. भांडण पुढे कसं न्यायचं तेच मी विसरले...

आठ दिवसांनी घरी पोस्टकार्ड आलं.

“आमच्या डाव्या कोपऱ्याच्या खेळाडूचा अंगठा मुरगळला आहे. आर्वीत आनंद साजरा व्हावा. सरांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आहे. कारण तुला माहीत आहे. — चंद्रभान.”

मी उलट टपाली लिहिलं, “आर्वीत दुसऱ्याच्या अंगठ्याचा आनंद करत नाहीत. हळद आणि तेल लावायला सांग. देवका आता सकाळी दोन तास सराव करते. घाबरायला लाग.”

मग दर आठवड्याला एक कार्ड. वर्ध्याच्या संघात कोण नवीन आलं, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. कुणीही वाचावं असं उघडं. माझे बाबा, लक्ष्मणराव, तहसील कचेरीतून आले की मोठ्यानं वाचायचे. “या पोट्ट्याले दुसरं काही सुचत नाई काय? नुसती कबड्डी!” मी मान हलवायचे, “नाई ना बाबा...” आणि कार्ड पुस्तकात ठेवायचे. नुसत्या कबड्डीतही किती काही मावतं, ते बाबांना कुठं ठाऊक! “मंगळवारी मैदानावर कोणी भांडायला नव्हतं,” असं एकदा शेवटी बारीक अक्षरात होतं. ते मी दहा वेळा वाचलं.

आणि एका कार्डात मी मूर्खपणा केला. देवकाचं कौतुक करता करता लिहून गेले, “परतताना ती आधी उजव्या पायावर वळते आणि क्षणभर डावा पाय मागे राहतो. तेवढ्यात जो धरेल त्याची ढाल. पण धरणारी तुमच्याकडे जन्मायची आहे!”

ऑक्टोबरात वर्ध्याला विभागीय स्पर्धा झाल्या. मी संघाची व्यवस्थापक म्हणून गेले. उपांत्य फेरी जिंकून आम्ही अंतिम सामन्यात. समोर वर्धा. मैदानाच्या एका बाजूला चुन्याच्या रेषेबाहेर त्यांची पोरं, त्यांच्यात चंद्रभान. घसा फाडून ओरडत होता वर्ध्यासाठी, आणि मला ते आवडत होतं. आपल्या संघाला सोडून माझ्यासाठी टाळ्या वाजवणारा मुलगा मला काय करायचा होता!

शेवटची दोन मिनिटं. आम्ही एका गुणानं पुढे. देवका चढाईला गेली. एकीला शिवली. वळली, उजव्या पायावर. आणि वर्ध्याच्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीनं झेप घेऊन तिचा मागे राहिलेला पाय असा पकडला, जणू तिला आधीच कोणी सांगून ठेवलं होतं. मागून आणखी चौघी पडल्या. देवकाचा हात रेषेपासून बोटभर अलीकडे राहिला. तिच्यामागून गेलेली आमची शेवटची चढाईही पकडली गेली. त्यांच्याकडे जल्लोष.

आम्ही एका गुणानं हरलो.

चंद्रभान गर्दीतून धावत आला. चेहरा फुललेला. “नलू, काय मॅच झाली—”

“सांगितलंस ना तू त्यांना?” मी त्याला मध्येच तोडलं. “मी लिहिलं होतं ते!”

त्याचा चेहरा विझला. “नलू—”

“सांगितलंस ना!”

“तुले तसं वाटते?”

एवढंच. खुलासा नाही, शपथ नाही. तो मागे वळला आणि चालायला लागला.

वर्ध्याच्या बसस्टँडवर आर्वीची गाडी लागली होती. मुली गप्प चढल्या. मी खिडकीशी बसले. देवका शेजारी आली. घोटा सुजला होता, पण चेहरा आश्चर्यकारकरीत्या शांत.

“ताई, निवड समितीच्या बाईंनी माझं नाव घेतलं. विद्यापीठाच्या संघाच्या शिबिराले बोलावून राह्यले.”

“खरंच?” मी तिला मिठी मारली. पहिल्यांदाच डोळे वाहिले.

“पण पाय सुधरवा लागन. ती डाव्या कोपऱ्यावरची... काल आपली सेमीफायनल चालू होती ना, तर रेषेजवळ बसून पूर्ण वेळ माझेच पाय पाहून राह्यलती. मले दिसलं होतं. तरी मी उजवीकडंच वळली. चूक माझी आहे.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “काल? तिनं स्वतः पाहिलं?”

“हो ना. आज हात मिळवताना बोलली बी. म्हणे त्यांच्या सरांनी चंद्रभानदादाले दोनदा इचारलं, आर्वीच्या पोट्टीत काय कमी आहे सांग. दादा म्हणे, मले माहीत आहे पण मी नाई सांगत. म्हणून मंग तिले पाहाले बसवलं.”

मी उठले. कंडक्टर तिकिटं संपवून घंटीच्या दोरीपाशी पोहोचला होता.

“बाई, कोठी चालल्या? गाडी सुटून राह्यली!”

“दोन मिनिटं, भाऊ!”

चंद्रभान घरी गेला नव्हता; मघाशीच मला खिडकीतून दिसला होता. स्टँडच्या कडेला सायकल धरून उभा होता, आमच्या गाडीकडे न पाहण्याचा फार प्रयत्न करत. मी थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. पळून आल्यानं दम लागला होता.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “सांगायचं होतंस ना, नाही सांगितलं म्हणून!”

“सांगून जे खरं वाटते...” तो सायकलच्या घंटीशी चाळा करत म्हणाला, “...ते मले नको होतं. तुले आपसूकच वाटाले पाह्यजे होतं.”

“मले आपसूक राग येते. बाकीचं शिकावं लागते.” मी श्वास घेतला. आता थांबले असते तर कधीच बोलले नसते. “चंद्रभान, ऐक. बी.ए. झालं की मी अमरावतीले खेळाच्या शिक्षणाले जाणार. मले क्रीडाशिक्षिका व्हायचं आहे. बाबा नाई म्हणतीन, मी मनवीन. तिथं एक वर्ष लागन. नंतर गावोगावी पोट्ट्या शोधत फिरीन, देवकासारख्या. हे सोडणार नाई, कोणासाठीच नाई.”

“हो...” तो गोंधळला. “मी कुठं म्हणलं सोड?”

“म्हणून विचारतो. हे सगळं धरून तुले मी चालतो काय? कारण मले तू... तू चालतोस. लय चालतोस.”

घंटीवरचा त्याचा हात थांबला. सायकल कलंडली, धाडकन पडली. दोघांपैकी कोणीही उचलली नाही.

“नलू, हे मी बोलाचं होतं,” तो कसाबसा म्हणाला. “जुलैपासून बोलाचं होतं. दर कार्डात लिहाले बसतो, अन्... शेवटी अंगठ्याचंच लिहितो.”

“मंग आता बोल.”

“आवडतेस तू मले.” तो लाल झाला होता, पण नजर हटवली नाही. “ये अमरावतीहून. अगोदर या रविवारी मी आर्वीले येतो. तुझ्या बाबांशी बोलतो. तुझ्या शिक्षणाचं बी अन् आपलं बी. ते नाई म्हणाले तर त्याच्या पुढच्या रविवारी येतो. हो म्हणेपर्यंत येतो.”

मागून कंडक्टरचा आवाज आला, “बाई! येता का वर्ध्यालेच राह्यता?”

गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून आमचा अख्खा संघ बाहेर लटकला होता. देवका सर्वांत पुढे.

“येतो ना, भाऊ!” मी ओरडले. मग त्याच्याकडे वळून म्हटलं, “रविवारी सकाळी ये. बाबा दुपारी झोपतात.”

मी धावत जाऊन गाडीत चढले. मुलींनी जो कल्ला केला, तो हरलेल्या संघाचा मुळीच वाटत नव्हता.