गरम पाण्याची पिशवी

"ह्या बाटलेत औषध हा की बर्फ गो?"

सुंदराबाईंनी दात वाजवत कुरकुर केली, आणि उशाशी वाकलेल्या अंबिका सिस्टरला हसू आवरेना. पायाचं ऑपरेशन नीट झालं होतं; पण मधुमेहामुळे बुरशीचं फावलं आणि ती रक्तात पसरली. म्हणून हे नवं विलायती औषध. उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळं कापड गुंडाळलेलं. एक दिवसाआड बाटली, आणि तासाभरात हुडहुडी! मग अंबिका थेंब हळू करायची, घोंगडी घालायची, लघवी मोजायची. या औषधाचा मूत्रपिंडांवर फार राग.

आणि बाटलीच्या दिवशी चारच्या ठोक्याला, गिरणीची पहिली पाळी सुटली की, यायचा सुंदराबाईंचा रघू.

"सिस्टर, तुमच्या हातानं आईला थंडी भरते. मला घाम का फुटतो?"

"आधी केसांतला कापूस झटका. वॉर्डभर ड्रेसिंगला पुरेल."

एके दिवशी तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून तसाच आला. आईची हुडहुडी बघवेना म्हणून त्यानं गरम पाण्याची रबरी पिशवी हळूच घोंगडीत सरकवली. अंबिकानं ती झपकन ओढली.

"वेड लागलंय? साखरेनं पाय बधिर झालेत त्यांचे. भाजलं तरी कळायचं नाही!"

ओढताना पिशवी तिच्याच मनगटाला टेकली. लाल चट्टा उठला.

"भाजलं...?"

"मला कळतं," ती म्हणाली. मग दोघंही उगाच बाटलीकडे बघत राहिले.

तेव्हापासून अंबिका बाटलीच्या दिवसाची वाट बघायची — आणि स्वतःलाच रागवायची. रोग्याच्या हुडहुडीसाठी झुरणारी नर्स कुणी पाहिलीय? पण बोलणार कोण? ती नायगावच्या चाळीतली, बौद्ध. तो लालबागचा, कोकणातला मराठा. अख्ख्या वॉर्डाला ठाऊक, अख्खा वॉर्ड गप्प.

शेवटची बाटली संपली. अंबिका त्या काळ्या कापडाची तिसऱ्यांदा घडी घालत होती.

"उद्या घरी..." रघू म्हणाला. "नायगावहून लालबाग काही लांब नाही."

"अर्धा तास. चालत."

"चालून बघितलंत?"

"...चुकून."

तेवढ्यात सुंदराबाईंनी तिचं मनगट धरलं. पुसट झालेल्या चट्ट्यावर अंगठा फिरवला.

"रघ्या, पाय माजे बधिर झालेहत, डोळे नाय. ह्या चेडू बौद्धांचा, आमी मराठे, म्हणान तुमी दोघांय गप्प. मगे मीच इचारतंय... गो अंबिका, माज्या रघ्याशी लगीन करशीत?"