भरतीतली डबल बेल

कल्पना करा, मुलांनो. दुपारचे तीन वाजलेत. पुढे धुकं, मागे धुकं, पायाखाली ओली वाळू. हात लांब केला तर आपलीच बोटं पुसट होतात. आणि रांगेत तुम्ही सगळ्यांत शेवटी आहात.

केलीत कल्पना? मग ऐका. हे खरंच घडलंय. भिंगरीच्या आत्याने सांगितलं, आणि ती राईचा पर्वत करणाऱ्यांतली नाही. शाळेत शिवण शिकवते. एक टाका चुकला तर अख्खी शिवण उसवायला लावते.

भिंगरी तेव्हा दहा वर्षांची. एका जागी थांबायची नाही, म्हणून हे नाव. बाबा, आत्या आणि ती सुट्टीत समुद्रकाठाने चालत निघाले होते. पाच दिवस, पाच गावं. सामान गाडीने पुढच्या लॉजवर जायचं, माणसं पायी.

तिसऱ्या दिवशी वाटेत खाडीचं तोंड होतं. ओहोटीला तिथली वाळू उघडी पडते, तेवढ्या वेळात पलीकडे जायचं. वाट चुकू नये म्हणून खांब रोवलेले. अर्ध्यावर, उंच खांबांवर, पत्र्याची एक खोली. अडकलेल्यांसाठी.

लॉजवाल्या बाईने निघताना बजावलं होतं.

"भरती पलीकडच्या बाजूने आधी येते. पाणी दिसलं की खोलीत चढा. आणि वाळू डोळ्यांनी दिसल्याशिवाय उतरू नका. कोणी काही म्हणो."

"तिथे कोण म्हणणार?" आत्याने विचारलं.

बाईने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

बाबा बसचे ड्रायव्हर. बावीस वर्षं मागे वळून न बघता गाडी हाकलेला माणूस. एक घंटा, थांब. दोन घंटा, चल. सुट्टीतही तेच. भिंगरी शेवटी चालायची आणि स्टीलच्या बाटलीवर चमच्याने घंटा द्यायची.

"काय कंडक्टर, झोपलात का?" बाबा पुढून विचारायचे.

"चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये," आत्या मधूनच टोला द्यायची.

असे हसत ते वाळूत उतरले. मग धुकं आलं.

भिंगरीच्या बुटात खडा गेला. तिने एक घंटा दिली.

टण.

पुढची पावलं थांबली. ती खाली बसली, नाडी सोडली, बूट झटकला...

टण टण.

चमचा तर तिने दातांत धरला होता.

पुढची पावलं चालू लागली.

"बाबा, थांबा."

धुक्याने हाक गिळली. तिने घाईघाईने पुन्हा एक घंटा दिली. लगेच डाव्या हाताला, जिथे वाट नव्हती तिथून...

टण टण.

पावलांचा आवाज लांब गेला. मग तोही नाही.

भिंगरीचे पाय ओले झाले. एक बूट हातात घेऊन ती खांबामागून खांब धरत पळाली. चौथ्या खांबापाशी शिडी लागली. ती चढली. वर एक बाक, एक दार, बाकी काही नाही. खाली बघता बघता वाळू दिसेनाशी झाली.

आता तिला खरी भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. बाबा मागे बघणार नाहीत. पाणी त्यांच्या समोरूनच येतंय.

तिने घंटा दिली. एक.

पायाखालच्या फळ्यांच्या खालून उत्तर आलं. दोन.

घंटा कोणाची, हे बाबांना कसं कळणार?

ती थांबली. विचार केला. बस मागे घेताना कंडक्टर घंटा देत नाही. मागच्या पत्र्यावर तळहाताने थापा मारतो. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. डेपोत बाबांनीच तिला दाखवलं होतं.

तिने दोन्ही हातांनी पत्रा बडवायला सुरुवात केली.

हात भाजल्यासारखे झाले. ती बडवत राहिली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक... मग पाण्यात खळखळ झाली. आधी आत्या वर आली, कमरेपर्यंत भिजलेली. तिच्या मागे बाबा. त्यांनी भिंगरीचे लाल तळवे हातात घेतले.

"तू माझ्या मागेच होतीस ना गं?" आत्या धापा टाकत म्हणाली. "पावलं वाजत होती. सगळा वेळ."

"मी इथे होते."

आत्याने दार ओढून घेतलं.

पाणी उतरायला सहा तास. चहूकडे समुद्र, मधे ही एवढीशी खोली. कपडे ठिबकत होते.

खालून...

टण टण.

बाबा उठले. सवयीने उठावं तसे.

"वाळू लागली असेल," ते म्हणाले. आवाज झोपेतल्यासारखा होता.

आत्याने त्यांची बाही पकडली. "फटीतून बघ. काय दिसतंय?"

"पाणी."

"मग कुठे निघालास?"

बाबांनी मान झटकली. दाराला पाठ लावून ते उभे राहिले.

शिडी करकरली.

एक पायरी. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी.

पायऱ्या संपल्या. दाराबाहेर कोणीतरी उभं होतं. दार वाजलं नाही. ढकललंही नाही. फक्त श्वास ऐकू येत होता... लांबून चालून थकलेल्या माणसाचा.

हे सांगताना आत्या अजूनही इथेच थांबते. पाणी उतरलं, तिघं पलीकडे सुखरूप पोचले, हे ती नंतर घाईने उरकते. तिचा प्रश्न वेगळाच असतो. पोरीने केलं ते बरं केलं का? काय केलं, ते ऐका.

"तेही कोणीतरी मागे राहिलंय," भिंगरी हळूच म्हणाली.

आणि ती आत्याकडे सरकली. आणखी थोडी सरकली. बाकाच्या दाराकडच्या टोकाला तिने एका माणसापुरती जागा केली.