मळवलेला झगा

“काढ तो. आधी अंगातून काढ, मग बोल.”

“आई, इथे? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर घातलास ना? मग सगळ्यांसमोर काढ!”

लोरेटा आणि तिची लेक डेसी अर्धा तास अशा भांडत होत्या. दिवस मावळतीला आलेला. भोवती कॅलिफोर्नियातलं मोहावीचं वाळवंट, गंजक्या गाड्यांचा तळ आणि चिंध्या पांघरलेली तीन-चारशे माणसं. सप्टेंबरच्या शेवटी ही मंडळी इथे जमतात आणि जग बुडालंय असं समजून चार दिवस राहतात. ज्याची त्याला हौस. कुणाच्या गळ्यात बाहुल्यांची मुंडकी, कुणाच्या गालावर चिकटवलेलं गळू, त्यातून ओघळणारं साखरेच्या पाकाचं रक्त, आणि त्या पाकावर माश्या. माश्या तेवढ्या खऱ्या. आणि ओळीने उभ्या केलेल्या संडासांचा वास, तोही खरा.

ही हकीकत फाटकावरचा ड्वेन सांगतो. सत्तरी उलटलेला माणूस. दरवर्षी पहिल्या रात्री नव्या पोरांना शेकोटीशी बसवतो आणि हलक्या आवाजात सुरू करतो. मध्ये कुणी खिदळलं तर थांबतो; हसणं पार विरेपर्यंत पुन्हा तोंड उघडत नाही. संपलं की उठून जातो, पुढे काय झालं ते विचारलं तरी सांगत नाही. रचून सांगण्याइतकी अक्कल त्याला नाही, म्हणून ती खरीच धरावी लागते.

ड्वेनचं काम कपडे तपासायचं. इथला नियम एकच, स्वच्छ कपड्याला आत जागा नाही. लोरेटा त्या दुपारी बार्स्टो गावाहून गाडी हाणत आली तेव्हा तिच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. ड्वेनने कॉफीचा चोथा आणि राख कालवलेला डबा पुढे केला.

“चोळा बाई, नाहीतर आल्या वाटेने परत जा.”

लॉन्ड्रीवालीची मुलगी ती. तिच्या आईने, व्हर्नाने, चाळीस वर्षं रेल्वेच्या माणसांचे कपडे धुतले. ग्रीस, रक्त, ओकारी, काय म्हणाल ते. ज्यांच्या हातून खरी घाण गेली त्यांना नाटकातल्या घाणीचं काय कौतुक? लोरेटाने तो चोथा छातीवर चोळला. आत जायचंच होतं. आईचा झगा परत न्यायचा होता.

पांढरा झगा, व्हर्नाने स्वतः शिवलेला. “मला यातच पुरा,” असं ती पंधरा वर्षं बजावत होती, आणि लोरेटाने तसा शब्द दिला होता. जूनमध्ये व्हर्ना गेली. तिची कपड्यांची पेटी उघडली तर झगा नाही. घर पालथं घातलं. नात म्हणून डेसीनेही शोधलं. शेवटी दुकानातला निळा कपडा घालून म्हातारीला पुरली. लोरेटाला त्यानंतर धड झोप नाही. आणि परवा कुणीतरी फोनवर फोटो दाखवला: जत्रेतली डेसी, दात काढून हसणारी, अंगात तोच झगा. फाडलेला, डांबराने माखलेला, कडा जाळलेला.

“जुन्या बाजारात घेतलाय मी हा,” डेसी म्हणाली. “आजीचा नाहीये.”

“काखेतली ही रफू कुणाची, ते तू मला शिकवणार?”

“रफू काय एक आजीच करायची जगात?”

“आणि एवढा ढगळ? दोन डेसी मावतील यात! कमरेला टायरची ट्यूब आवळून फिरतेस ती उगाच?”

“ढगळच लागतो इथे. तुला काय कळतंय त्यातलं? कपड्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर दिलाय याला. ड्वेनला विचार.”

ड्वेनने मान खाली घातली. पहिल्या दिवशी फाटकावर त्यानेच वाखाणलं होतं, “असा मळ चढायला नशीब लागतं, पोरी!”

नशीब कसलं डोंबलाचं. कापड जुनं दिसावं म्हणून ही माणसं ते मातीत पुरून कुजवतात. डेसीने एप्रिलमध्येच आजीच्या पेटीतून झगा उचलला होता आणि परसात पुरला होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला काय पत्ता लागतोय, असं वाटलं. जूनमध्ये सगळे पेटी उपसत होते तेव्हा झगा दहा पावलांवर सडत होता. तेव्हाच तोंड उघडायचं. नाही उघडलं. झगा मातीत गेला आणि आजीही मातीत गेली, पण वेगवेगळ्या.

“आजीची शपथ घेऊन सांग,” लोरेटा म्हणाली.

डेसी घुटमळली. मग म्हणाली, “शपथ. हा आजीचा नाही.”

लोरेटाने लेकीकडे असं पाहिलं, जसं नाल्यात मेलेल्या कुत्र्याकडे पाहावं. “उजाडलं की मी तो नेणार. अंगावरून ओरबाडून न्यावा लागला तरी.” आणि फाटकाबाहेर आपल्या गाडीत जाऊन पडली. ड्वेनने साखळी लावली, कुलूप घातलं आणि फाटकाला खुर्ची टेकवून बसला.

रात्र शुक्रवारची, सव्वीस सप्टेंबर. ढोल थांबले, शेकोट्या विझल्या. डेसी झगा घालूनच तंबूत झोपली. काढून ठेवला तर आई उचलेल ही धास्ती. जाग आली तेव्हा फोनवर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

जाग वासाने आली. संडासांचा वास गेला होता. त्याच्या जागी ब्लीच. खळ. आणि त्याखाली आणखी काहीतरी, थडग्यावरच्या फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखं.

उशाशी कुणीतरी बसलं होतं.

“कोण आहे? जास्त झाली का? तंबू चुकलास. नीघ.”

बसलेलं हललं नाही.

“नीघ म्हटलं ना...”

गालाला ओलं लागलं. अंगठा. लहानपणी आजी असंच करायची, अंगठा जिभेला लावून गालावरचा डाग पुसायची. तेव्हाही डेसीला किळस यायची. पण ती थुंकी कोमट असायची.

ही गार.

अंगठा गालावर फिरला. जोर लावून. त्याची कातडी भिजून सुटलेली होती. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी ती सरकली... आणि थोडी गालावरच राहिली.

डेसीने ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही.

कमरेची ट्यूब सैल झाली. पडली.

कापड चिमटीत धरलं गेलं. डावीकडून. मग उजवीकडून.

ओठांत टाचण्या धरून बाई हुंकारते, तसा हुंकार. “हं...”

म्हणजे, वळ.

डेसी वळली. का वळली, तिलाही सांगता येईना. सहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून वळायची, तशी.

“हं... हं...”

मग काही नाही.

सकाळी ती घोंगडीत गुरफटलेली होती. अंगात झगा नव्हता. गाल घासत बाहेर धावली आणि गुडघ्यांवर बसून भडभडा ओकली. मान वर केली तेव्हा दिसलं. दोन गंजक्या गाड्यांमध्ये ताणलेल्या तारेवर झगा वाळत होता.

पांढरा.

डांबर नाही, जळकं नाही. फाडलेलं सगळं सांधलेलं. खळीने असा ताठ की वारा सुटला होता तरी हलत नव्हता. चिंध्यांतली माणसं लांब उभी होती. कुणी हसत नव्हतं, कुणी फोटो काढत नव्हतं. बाटल्यांतल्या पिण्याच्या पाण्याखेरीज त्या तळावर थेंब नव्हता. ड्वेनने पुन्हा पुन्हा सांगितलं, साखळी हलली नाही, माझा डोळा लागला नाही, तुझी आई आत आलेली नाही.

लोरेटा आली. तिने बाही नाकाशी नेली आणि तिचे डोळे भरले. पण आवाज काल होता तिथूनच निघाला.

“आता बोल! माझ्या आईखेरीज एवढा पांढरा कुणी काढलाय आजवर? आता तरी कबूल हो!”

डेसी तारेजवळ सरकली.

“कबूल हो, म्हणजे मी गप्प बसेन. आजच कबरीपाशी नेऊ. तिचं तिला देऊन टाकू. मला दुसरं काही नको.”

डेसीची नजर झग्याच्या कमरेवर होती. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड आत घेतलेलं. तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एकाला एक लागून. आतलं जादा कापड कापून टाकलेलं. आता उसवून सैल करता येणार नव्हतं.

“अजून माज आहे? शेवटचं विचारते, डेसी. हा झगा आजीचा आहे की नाही?”

डेसीचे दोन्ही हात आपल्या कमरेवर गेले, रात्री जिथे चिमटी बसली होती तिथेच.

“नाही, आई,” ती म्हणाली. “आता तो माझ्या मापाचा आहे.”