घास परत जात नसतो

गेल्या गुरुवारी संध्याकाळी गावातले दिवे गेले, तेव्हा आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. ताटात इंजेरा होता, आमची आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, त्यावर हरभऱ्याच्या पिठाचं गरम कालवण. माझी बायको अस्नाकेच म्हणाली, "थांबा, मेणबत्ती बघते."

"बस गं. अंधारात जेवायची सवय आहे मला."

ती सवय सीमेवरच्या खंदकातली. तिथे काडी ओढली की गोळी आलीच. आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो. आमचा नाईक वर्कू, त्याचा एक नियम होता. स्वतःच्या हाताने कुणी जेवायचं नाही, डावीकडच्याला भरवायचं. देशबिश सगळं ठीक आहे हो, पण आम्ही तिथे टिकलो ते या घासावर. उजवीकडून हात येणार, याची खात्री होती. माझ्या उजवीकडे वर्कू असायचा. त्याची तर्जनी अर्धी तुटलेली. ते थोटूक ओठाला लागलं की मला धीर यायचा. कुणी तोंड फिरवलं तर तो म्हणायचा, "नको? मग पुढच्याला! घास परत जात नसतो, राजा."

पायात गोळी लागून मला मागे पाठवलं, तेव्हाही तो हसत होता. "जा लंगड्या. तुझी जागा राखून ठेवतो."

त्याच रात्री खंदकावर तोफगोळा पडला. कुणीच उरलं नाही.

तर त्या अंधारात मी ताटाकडे हात नेला, आणि ओल्या मातीचा वास आला. बंदुकीच्या दारूचाही. उजवीकडून ओठांना काहीतरी टेकलं. घास होता, गारढोण. आणि ते थोटूक...

माझी पाचावर धारण बसली. तोंड उघडलं तर त्याने राखलेली माझी जागा भरणार, एवढंच कळत होतं. अस्नाकेचला नववा महिना लागला होता. मला इथेच राहायचं होतं. मी हात गुडघ्यांवर दाबले, दात आवळले.

"वर्कू... नको रे," मी पुटपुटलो.

हात जरा घुटमळला. मग दूर झाला. सुटलो, असं वाटलं.

डावीकडे अस्नाकेच काहीतरी चावत होती.

"आज फार लाड चाललेत," ती हसली. "पण हात किती गार तुमचा... आणि बोट अर्धंच का लागतंय?"

माझे दोन्ही हात अजून गुडघ्यांवरच होते.

"आणि अहो... कानात 'आता पुढच्याला' म्हणालात, म्हणजे कुणाला? बाळाला?"