'मरे'चा अर्थ

कसालची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून शर्मिष्ठा कट्टा गावच्या बाजारातल्या छापखान्याच्या पायरीवर टेकली. आत कॉम्प्युटरसमोर बसलेला तरुण फोनवर कुणाला तरी सांगत होता, "येतंय मरे, इल्ला थांब!"

तिने पिशवीतली वही उघडली. बाबांनी जमवलेले मालवणी शब्द. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. प्रत्येक शब्दापुढे अर्थ होता, उदाहरण होतं. 'मरे'पुढे मात्र जागा कोरी.

"ऐका ना... मरे म्हणजे काय? कोण मरतं?"

तो हसला. मग वहीवरचं बाबांचं नाव वाचून खुर्चीतून उठला. या सरांनी त्याला, देवेशला, सातवीत शिकवलं होतं.

"छापायचंय?"

"वर्षश्राद्धाला वाटायचंय."

देवेश टाईप करू लागला. मग प्रुफं तपासायला तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिलं, दुसरं, चौथं...

"'इल्ला', म्हणजे थोडं, तिसऱ्यांदा चुकलंय," ती म्हणाली.

"चुकलं नसतं तर तुम्ही आला असता?"

तिने मान खाली घालून पान उलटलं. हसू लपलं की नाही, कोण जाणे.

शेवटच्या प्रुफात कोरी जागा तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी तिला पुण्याला कामावर परतायचं होतं.

"आता तरी सांगा."

"अर्थ असा नाहीच. काढून टाका, वाक्य तेच राहतं. समोरचा माणूस तेवढा लांब जातो. पुरुषाला मरे, बाईला मगो. परक्याला कोणी म्हणत नाही."

तिने वही मिटली. "मी मावशीकडे पुण्यात वाढले. सुट्टीत यायचे, तेव्हा बाबा माझ्याशी शुद्धच बोलायचे. मगो कधीच नाही."

"सरांना वाटलं असेल, तिकडे तुम्हाला कोणी हसू नये..."

"आणि तुम्ही? फोनवर मालवणी, माझ्याशी शुद्ध."

देवेशने उगाच कीबोर्ड पुसला. "तुम्ही उद्या जाणार. जाणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं?"

शर्मिष्ठाने पेन घेतलं. कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं: आपल्या माणसाशी बोलताना.

"उदाहरण राहिलं," तो म्हणाला.

ती थबकली. मग खाली एक ओळ लिहून कागद त्याच्याकडे सरकवला.

मी उद्या जात नाय मरे.

त्याने दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ह्या... ह्या छापू?"

"नको," ती म्हणाली. "तुका सांगितलंय."