झूम मागे घेताना

धरणाच्या भिंतीला तडे असतात म्हटलं की लोक दचकतात. पण तडे म्हणजे भिंतीच्या सुरकुत्या. वाढल्या नाहीत म्हणजे झालं. त्या वाढतात का, हे बघायला एक बाई नेमलेली होती. तिला सगळे मापवालीच म्हणत. दर सोमवारी दुपारी, ऊन भिंतीवर सरळ पडलं की ती समोरच्या काठावरच्या ओट्यावर उभी राहायची. तिचा नवरा धरणावरच पंप चालवायचा. तो भिंतीच्या पोटातल्या बोगद्यातून चालत जाऊन मधल्या खिडकीशी यायचा आणि हात बाहेर काढून तड्याला मोजपट्टी लावायचा. दोघांच्या मधे पाचशे पावलांचं पाणी. इतकी वर्षं ती दुर्बिणीतून आकडा वाचत आली. त्या सोमवारी मात्र कचेरीने तिला नवा कोरा कॅमेरा दिला होता, साबणाच्या वडीएवढा.

आणि बाई हरखून गेली होती. वरचा खटका उजवीकडे सरकवला की भिंगाची नळी गुर्रर्र करत बाहेर यायची आणि लांबचं सगळं नाकासमोर. डावीकडे सरकवला की नळी आत, आणि सगळं परत आपल्या जागी. सकाळपासून तिने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. खांबावरचा कावळा बघितला, त्याच्या चोचीतली काडी बघितली, पलीकडच्या टेकडीवरच्या शेळीची दाढीसुद्धा बघितली. त्या नादात बॅटरी किती उरली ते काही बघितलं नाही.

नवरा खिडकीत आला. त्याच्या कानात फोनची वायर होती, तिच्याही.

"दिसतोय का?"

"दिसताय म्हणजे काय," ती म्हणाली. "डाव्या गालावर दाढीचा पट्टा राहिलाय. आणि शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात घातलंय."

"म्हणजे आता पाचशे पावलांवरूनही सुटका नाही."

"गप उभे राहा. पट्टी हलतेय."

माणसाचा चेहरा सापडला की हा कॅमेरा त्याच्याभोवती पिवळी चौकट काढायचा. नवऱ्याच्या चेहऱ्यावर चौकट होती. आणि त्याच्या खांद्यापाशी, बोगद्याच्या अंधारात, तेवढीच दुसरी.

"कोणाला बरोबर आणलंय?" तिने विचारलं.

"कुणाला आणणार? मागे भिंत आहे."

"भिंतीला कान असतात म्हणतात, केस नसतात. हे कोण ओल्या केसांचं?"

तो हसला. वळून बघितलं त्याने. "अगं, कुणी नाही."

तिला वाटलं, भिंगावर डाग असेल. तिने झूम मागे घेतला. नवरा लहान झाला, खिडकी लहान झाली, भिंत काडेपेटीएवढी झाली. लांबचं लहान होणारच.

दुसरी चौकट लहान झाली नाही.

तेवढीच राहिली. नवऱ्यापासून सुटून ती आता पाण्यावर होती. चौकटीत तेच ओले केस, खाली घातलेली मान. मापवालीचा सगळा जन्म मापात गेलेला. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळं लहान होत असताना जे तेवढंच राहतं, ते पुढे आलेलं असतं.

तिने कॅमेरा खाली करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. लख्ख ऊन. पाणी मोकळं. फक्त मधोमध पोहणारी बदकं दोन बाजूंना सरली होती, वाट द्यावी तशी.

तिने घाईने कॅमेरा परत डोळ्यापुढे धरला, त्यात खटका उजवीकडे गेला. नळी बाहेर आली. दोन्ही चौकटी पुन्हा एकमेकींना चिकटल्या.

"अगं..." नवऱ्याचा आवाज बदलला होता. "खांदा एकदम गार पडलाय माझा."

तेव्हा तिला सगळं उमगलं. झूम पुढे नेला की ते त्याच्याकडे. मागे घेतला की तिच्याकडे.

"अहो, पट्टी टाका आणि बाहेर निघा. धावू नका, बोगदा ओला आहे. माझ्याशी बोलत चला."

"अगं पण झालं काय?"

"आयुष्यात एकदा तरी न विचारता ऐका माझं."

तिने झूम अर्ध्यावर आणला. चौकट पाण्यावर आली. कानात नवऱ्याची पावलं वाजत होती, टप, टप. दारापर्यंत दोनशे पावलं. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकायला लागली.

"कितीवर आलात?"

"साठ... सत्तर... थांब. मागून कुणीतरी चालतंय."

पडद्यावर चौकट परत भिंतीकडे सरकत होती. तिने खटका थोडा डावीकडे दाबला. नळी कुरकुरत आत गेली.

"आता?"

"थांबलं."

चौकट नवऱ्यापासून आणखी दूर आली, म्हणजे तिच्याजवळ. पाण्याचा जुना, शेवाळी वास ओट्यावर आला. वाऱ्याचं नाव नव्हतं.

"एकशे वीस... अगं, परत वाजतंय."

आणखी डावीकडे. वास दाट झाला. तिने चौकटीत बघायचं टाळलं, नुसती लाल खूण बघत राहिली. बॅटरी आत्ता गेली तर ते असेल तिथेच राहील, आणि ते बोगद्यात राहायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"दार आलं. कडी निघत नाहीये. अगं, अगदी मागे आहे... मानेवर..."

तिने खटका डावीकडे टोकापर्यंत दाबला आणि दाबूनच धरला. चौकटीने अख्खा पडदा व्यापला. घातलेली मान हळूहळू वर येत होती. तेवढ्यात कानात लोखंडी दार धाडकन उघडलं आणि नवरा उन्हात येऊन खोकायला लागला.

कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला.

नळी पुरती आत जायच्या आधीच बॅटरी संपली होती, आणि बॅटरी संपली की या कॅमेऱ्याची नळी होती तिथेच अडकते. घरी येऊन तिने सवयीने पट्टी लावली. नळी तीन रेघा बाहेर होती. तिने बॅटरी काढून विहिरीत टाकली, कॅमेरा फडक्यात बांधून कपाटात ठेवला, आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं की बोगद्यात हवा कोंदट झाली होती. त्यालाही तेच पटवून घ्यायचं होतं.

बुधवारी तिने फडकं सोडून मोजलं. दोन रेघा. बॅटरी नसताना नळी आत चालली होती.

आज सकाळी परत मोजलं.

"काय मोजत असतेस सारखी?" नवरा हात धुऊन येत म्हणाला.

"काही नाही." तिने त्याचं ताट उचललं आणि पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवलं. "आजपासून तुम्ही इकडे बसत जा. माझ्याजवळ नको."

त्याने विचारलं नाही. फक्त जेवता जेवता एकदा म्हणाला, "अगं, तुझ्या खोलीतली फरशी कुणी पुसली? ओली आहे."

फरशी कुणी पुसली नव्हती.